लाकडाच्या भावात दिलेला सल्ला : एका रेनट्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात गेली पंधरा वर्षं मी झाडांचं काम करतो. छाटणी, धोक्याच्या फांद्या उतरवणं, वादळात पडलेलं झाड बाजूला करणं, आणि इलाज नसेल तिथं झाड काढणं. बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'झाडतोड' या नावानं सेव्ह असतो. माझ्याबरोबर चार पोरं आहेत, एक वर चढणारा आणि तीन खालचे. दोन पेट्रोल कटर, दोर, कप्प्या, दोन हार्नेस एवढं सामान माझं स्वतःचं. ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याची.

हे प्रकरण 2023 सालचं आहे. ठिकाण नागाळा पार्काच्या बाजूची एक गल्ली. घर आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून एक-दोन तपशील बदललेत. झाड आणि पैशाचे आकडे मात्र आहेत तसे दिलेत, कारण प्रकरणाचा जीव त्यातच आहे.

आमच्या धंद्यातला व्यवहार आधी सांगायला हवा. मोठं झाड काढायचं असलं की मजुरी कोणी देत नाही. 'लाकूड तुमचं, काम फुकट' असा रिवाज आहे. झाड चांगलं जाड असेल तर मालक वर चार-पाच हजार मागतो, आणि आम्ही ते देतोही. लाकूड टिंबर मार्केटकडच्या वखारीत जातं. आंबा, रेनट्रीच्या फळ्या निघतात, त्यांच्या पेट्या नि पॅलेट होऊन शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडं जातात. वेडंवाकडं उरलेलं जळणाला. मीही बारा-तेरा वर्षं असाच व्यवहार केला. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

झाडाच्या मालकीण निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर. त्यांना मी काकू म्हणतो. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. कुंपणापलीकडं तात्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, वर पत्र्याचं शेड. रेनट्री काकूंच्या अंगणात, कुंपणापासून सहा फुटांवर. 1976 ला वास्तुशांतीच्या आठवड्यात काकूंच्या यजमानांनी लावलेलं. छातीच्या उंचीवर घेर अकरा फूट, उंची पन्नासच्या आसपास, घुमट सत्तर फुटांचा. एक जाड फांदी थेट तात्यांच्या शेडवर गेलेली आणि रस्त्याच्या बाजूनं महावितरणची लघुदाब लाइन.

अडचण

17 एप्रिलला काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. त्यानं व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवले आणि विचारलं, "झाड काढायला काय घेणार?" मी फोटो मोठे करून बुंधा बघितला. मनातल्या मनात हिशेब झाला : नऊ टन माल, 3,800 रुपये टन. दहा मिनिटांत मी उत्तर टाकलं, "लाकूड आमचं, वर 5,000 तुम्हाला. परवानगी तुम्ही काढायची."

म्हणजे झाड न बघता, त्याला काय झालंय हे न विचारता, मी त्याचा भाव करून मोकळा झालो होतो. या प्रकरणातला पहिला निर्णय तो, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

दोन दिवसांनी जागा बघायला गेलो. तात्या कुंपणाशी उभेच होते. "मुळासकट काढा की. दरवर्षी वळीव आला की माझा जीव टांगणीला. खाली गिऱ्हाईक असतंय, पोरं काम करत्यात." त्यांचं चुकत नव्हतं. काकू पायरीवर बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मुलगा म्हणतोय तर काढा. पण त्याला झालंय काय, ते तरी सांगाल का मला?"

उत्तर माझ्याकडं नव्हतं. मग शिडी लावून वर गेलो.

शेडवरची फांदी बुंध्यापासून तीन फुटांवर कोणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी बोडकी केली होती. त्या जागेवरून फुटवे फुटून आता मांडीएवढे जाड झालेले. असे फुटवे दिसायला दणकट असतात, पण त्यांची पकड वरवरची असते. मूळ फांदी लाकडाच्या आतून निघालेली असते, फुटवा नुसता कडेच्या थरातून येतो. जुन्या कापाला डांबर फासलेलं होतं आणि मधल्या ढोलीत सिमेंट भरलेलं. मी लाकडी मोगरीनं ठोकत गेलो. बुंध्यावर आवाज घट्ट. फांदीच्या जुन्या कापाजवळ आल्यावर मडक्यावर मारल्यासारखा. सिमेंटच्या कडेनं तार सरकवली तर ती वीतभर आत गेली, आणि बाहेर आली ती ओल्या तपकिरी भुशानं माखून.

लांब, बारीक ड्रिलनं तीन ठिकाणी भोकं पाडून अंदाज घेतला. फांदीची जाडी वीस इंच. वरच्या बाजूला पाच इंच भक्कम लाकूड, खालच्या बाजूला जेमतेम दोन. त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी चांगलं लाकूड हवं, असा आमच्याकडं ढोबळ आडाखा आहे. इथं सव्वातीन इंच लागत होतं. शिवाय तो आडाखा बंद पोकळीसाठी आहे. ढोलीला तोंड असेल तर त्याहून जास्त हवं.

खाली आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. तीन वर्षांपूर्वी ड्रेनेजसाठी बुंध्यापासून चार फुटांवर चर खणला होता. त्या बाजूच्या मुळ्या तुटल्या असणार. बुंध्याच्या तळाशी आळंबी मात्र कुठं दिसली नाही. मी पाला बाजूला करून सगळीकडून बघितलं. रेनट्री आणि गुलमोहराला गॅनोडर्मा ही मुळं कुजवणारी बुरशी लागली की वर पानं हिरवीगार राहतात आणि खाली मुळ्या कुजत जातात, म्हणून आधी तिथंच बघावं लागतं.

तर चित्र असं : एक फांदी खरोखर धोक्याची, एका बाजूच्या मुळ्यांबद्दल शंका, बाकी झाड धडधाकट. आणि मी आधीच पूर्ण झाड तोडायचा भाव देऊन बसलेलो.

पर्याय

पहिला पर्याय पूर्ण झाड काढणं. मुलगा तयार, तात्या तयार, काकूंची ना नाही. माझा खर्च : तीन दिवसांची मजुरी 14,100, ट्रॅक्टर आणि पेट्रोल 4,400, घरमालकाला 5,000. लाकडाचे 34,200 आले असते. हातात साडेदहा हजारांच्या थोडे वर राहिले असते. पण महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनुसार जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. इथं 47. एवढ्या अंगणात 47 झाडं लावणार कुठं, याचा विचार मुलानं केला नव्हता. मीही त्याला फोनवर हे सांगितलं नव्हतं.

दुसरा, झाड पुन्हा बोडकं करणं. सगळ्यात स्वस्त आणि गल्लीला सगळ्यात पसंत. पण आजचा धोका तशाच बोडकं करण्यातून आला होता. दहा वर्षांनी तेच दुखणं सहा ठिकाणी उभं राहिलं असतं. हा पर्याय मी कोणाला सांगितलाच नाही.

तिसरा, धोक्याची फांदी बुंध्यापासून उतरवायची आणि तोल राहावा म्हणून उरलेल्या दोन लांब फांद्यांची टोकं सहा-आठ फूट कमी करायची. मुलानं विचारलं, "फांदी अख्खी कशाला, अर्धीच कापा ना." प्रश्न बरोबर होता. पण ढोली बुंध्यापासून तीन फुटांवर, म्हणजे अर्धी ठेवली तर कुजका भागच ठेवला. अख्खी काढली तर बुंध्यावर वीस इंचांची जखम होणार, आणि एवढी जखम भरायला झाडाला कित्येक वर्षं लागतात. दोन्हीकडं तोटा होताच. जो तोटा झाडाला पेलवेल तो निवडायचा होता.

चौथा, पावसाळा संपेपर्यंत थांबणं. खाली माणसं काम करतात तिथं हा पर्याय धरता येत नव्हता.

तिसऱ्या पर्यायाला मी 18,500 रुपये मजुरी सांगितली, लाकूड मालकाचं. मुलाचा आवाज चढला. "परवा तुम्ही मला पाच हजार देणार होता. आज माझ्याकडून साडेअठरा मागताय. झाड तेच आहे ना?" त्याच्या जागी मी असतो तर मलाही ही फसवणूकच वाटली असती. मी त्याला म्हणालो, परवाचा भाव लाकडाचा होता, आजचा कामाचा आहे. ते त्याला पटलं नाही. दुसऱ्या एका ठेकेदारानं वर 7,000 द्यायची तयारी दाखवली होती.

त्या आठवड्यात मी खूप विचार केला. मोबदला लाकडात मिळतो तेव्हा माझं पोट झाड पाडण्यावर चालतं. मग 'झाड ठेवा' असं मी किती वेळा मनापासून सांगितलं असेल? मागच्या वर्षांतली काही झाडं डोळ्यांसमोर आली. आमराईतला एक आंबा, एका शाळेमागचं करंज. ती खरंच काढायला हवी होती का, हे आज मला सांगता येत नाही, कारण तेव्हा मी नीट बघितलंच नव्हतं.

शेवटी निकाल काकूंनी लावला. मुलाला फोनवर म्हणाल्या, "पैसे मी देते. पेन्शन येते मला."

काय केलं

परवानगी फांदीसाठीही लागते. कायद्यात झाड तोडणं म्हणजे फक्त मुळातून पाडणं नाही, जाळणं, कापणं, कोणत्याही तऱ्हेनं इजा करणं हे सगळं त्यात येतं. अर्ज मालकाच्या नावानं महापालिकेच्या उद्यान विभागाकडं द्यायचा. सोबत घरफाळ्याची पावती, प्रॉपर्टी कार्डाची प्रत, झाडाचे आणि ढोलीचे फोटो. हे सगळं एका दुपारचं काम. पण भावावरून घासाघीस चालू होती म्हणून आमचा अर्ज गेला 28 एप्रिलला. जागा बघितल्यापासून नऊ दिवस मी घालवले. पर्याय कोणताही ठरो, परवानगी लागणारच होती. अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यायला हवा होता.

12 मेला संध्याकाळी वळीव आला. साडेपाचला वारं सुटलं, सहाला तात्यांचा फोन. शेडवरच्या फांदीचा एक फुटवा तुटून पत्र्यावर पडला होता, दोन पत्रे फुटले. दुकान नुकतंच बंद केलं होतं म्हणून माणूस वाचला. मी गाडी काढून पोचलो तेव्हा पाऊस थांबलेला, आणि बॅटरीच्या उजेडात जुन्या कापाशी बोट जाईल एवढी चीर दिसत होती. सिमेंटचा गोळा एका बाजूनं सुटून लोंबत होता.

हा दुसरा मोठा निर्णय. गल्लीतले चार जण म्हणत होते, आत्ताच कापून टाका, कोण विचारतंय. चढणारं पोरगं दोर खांद्यावर टाकून तयारच होतं. मी नको म्हणालो. ओलं खोड, अंधार, चिरलेली फांदी, शेजारी चालू लाइन, यातली एकेक गोष्टही नाही म्हणायला पुरेशी होती. त्याऐवजी शेडखालची जागा रिकामी करून घेतली, तात्यांना दुकान बंद ठेवायला सांगितलं, फांदी मधल्या बुंध्याला दोन पट्ट्यांनी आवळली आणि फोटो त्याच रात्री पाहणीच्या कर्मचाऱ्यांना पाठवले. दुसऱ्या दिवशी पाहणी झाली, 16 तारखेला परवानगी हातात आली, 18 ला कामाला लागलो.

महावितरणच्या शाखा कार्यालयातून सकाळी दहा ते एक लाइन बंद मिळाली होती. वायरमन येऊन लाइन बंद केल्याचं स्वतः सांगेपर्यंत पोरानं जमीन सोडायची नाही, हा आमचा नियम आहे. पोरगा आणि दोर, दोन्हींचा आधार मधल्या सरळ फांदीवर घेतला. जी फांदी कापायची तिच्यावर स्वतःला बांधायचं नाही, हे बोलायला सोपं असतं. वर गेल्यावर सोयीचं बेचकं नेमकं त्याच फांदीवर दिसतं. खाली बुंध्याला दोराचे तीन वेढे घेतले, म्हणजे दीडशे किलोचा तुकडासुद्धा एक गडी हळूहळू सोडू शकतो. आधी टोकाच्या डहाळ्या, मग फुटवे, मग मूळ फांदी. नऊ तुकडे झाले.

सिमेंटचा गोळा मी स्वतः उतरवला. नारळापेक्षा मोठा, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला झाडाच्या सालीचा ठसा उमटलेला. त्याच्यामागं ओला भुसा आणि त्यात करंगळीएवढ्या पांढऱ्या अळ्या. सिमेंट हलत नाही, झाड वाऱ्यात हलतं. फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. भरलं कोणी असेल ते चांगल्या हेतूनंच, त्या काळात सगळे तेच करायचे.

शेवटचा तीन फुटांचा खुंट तीन कापांत घेतला. बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीचा, थोडं पुढं वरून, आणि खुंट पडल्यावर शेवटचा, फांदीच्या मुळाशी जो फुगवटा असतो त्याच्या जरा बाहेर. तो फुगवटा कापला तर जखम नीट भरत नाही. कापलेला भाग पुसून बघितला. मधोमध बशीएवढा काळसर डाग, भोवतीचं लाकूड स्वच्छ, फिकं पिवळं. कुज तीन फुटांवरून आत सरकत आली होती, आणि झाडानं ती तिथं अडवली होती. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं होतं की झाड जखम बरी करत नाही, ते तिच्याभोवती भिंत उभी करतं. मी ते वाचलेलं होतं. त्या दिवशी ती भिंत हाताला लागली.

तात्या म्हणाले, डांबर लावा की. नाही लावलं. डांबरानं कुज थांबत नाही, ओल मात्र आत कोंडते. त्यांना ते अर्धवट काम वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पूर्वेच्या फांदीच्या टोकाला कावळ्याचं घरटं होतं, आत पिल्लं. कावळे पोराच्या हेल्मेटवर सारखे झेपावत होते. ते टोक तसंच ठेवलं आणि जुलैत अर्ध्या दिवसाची खेप करून उतरवलं.

परिणाम

लाकूड सव्वा टन भरलं. पोकळ असल्यामुळं जळणाच्या भावात गेलं, काकूंना 3,100 मिळाले. पत्र्यांचे 2,400 त्यांनी तात्यांना दिले. अर्जाची दिरंगाई माझी होती म्हणून बिलातून मी 1,000 कमी केले. मजुरी, ट्रॉली, पेट्रोल आणि जुलैची खेप धरून माझ्या हातात सहा हजारांच्या आत राहिले. झाड पाडलं असतं तर साडेदहा हजार राहिले असते, तेही भांडण न करता.

त्या वर्षी मान्सून लांबला, जून कोरडाच गेला. खरी परीक्षा झाली 2024 च्या जुलैत. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, त्या आठवड्यात जमीन नुसती लिबलिबीत होती. चराच्या बाजूच्या तुटक्या मुळ्या डोक्यात होत्या, म्हणून मी दोनदा जाऊन आलो. बुंध्याभोवती कुठं माती उचलली गेलीय का, भेग पडलीय का ते बघितलं. काही नव्हतं. जखमेच्या कडेनं नव्या सालीची दोन बोटं रुंद गोल घडी आली होती.

धंद्याचं म्हणाल तर, त्या हंगामापासून मी मजुरी आणि लाकूड वेगवेगळं लिहून देतो. जागा बघायचे 500 रुपये घेतो, काम मिळालं तर ते बिलातून वळते करतो. उरलेल्या त्या मे महिन्यात अकरा जणांनी विचारलं, सात जण 'फुकट करून देतो' म्हणणाऱ्याकडं गेले. पोरांची मजुरी भागवायला मला दोन महिने बागांच्या छाटणीची बारीकसारीक कामं घ्यावी लागली. आता गाडी रुळावर आहे, पण ते दोन महिने जड गेले.

वेगळं काय करता आलं असतं

फोटोवर भाव द्यायला नको होता. एकदा तोंडातून आकडा गेला की पुढचं खरं बोलणंसुद्धा पलटी मारल्यासारखं वाटतं. मुलाचा माझ्यावरचा राग त्या आकड्यामुळं होता, आणि तो रास्त होता.

धोका दिसला त्याच दिवशी तात्यांना ते लेखी द्यायला हवं होतं : ही फांदी धोक्याची आहे, काम होईपर्यंत खालची जागा वापरू नका. मी तोंडी सांगितलं, तेही 'जरा सांभाळून' एवढंच. 12 मेला ते दुकान अर्धा तास उशिरा बंद करते तर हे प्रकरण मी आज लिहीत बसलो नसतो.

ढोली 19 एप्रिललाच उघडून बघता आली असती. सिमेंट हललं तर फांदी जाईल अशी भीती वाटली. पण निदान पट्टे त्याच दिवशी बांधायला हवे होते.

कामाची वेळही चुकीची होती. घरटी कमी असतात, वारा कमी असतो, परवानगीला सवड असते असे महिने म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. फोन मात्र पहिल्या वळवानंतरच येतात. आता डिसेंबरात मी स्वतःच जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतो.

आणि एक गोष्ट काम संपल्यावर कळली. चढणाऱ्या पोराचा पंतप्रधान सुरक्षा विमा त्या दिवशी चालू नव्हता. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा, हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो, आणि आदल्या वर्षी त्याच्या खात्यात तेवढेही शिल्लक नव्हते. पन्नास फुटी झाडावर, चिरलेल्या फांदीशेजारी, मी त्याला विम्याशिवाय चढवलं होतं. ही योजना 1 जूनला सुरू होऊन 31 मेला संपते, म्हणजे हप्ता नेमका आमच्या धावपळीतच पडतो. आता मे उजाडला की चौघांचीही पासबुकं मी बघतो, आणि मोठा विमा माझ्या पैशानं वेगळा काढलाय.

चराच्या बाजूच्या मुळ्यांची शंका मिटलेली नाही. दर जानेवारीत जाऊन तळाशी आळंबी उगवलीय का, बुंधा कलतोय का ते बघायचं, असं काकूंशी ठरलंय. कधीतरी त्या झाडाबद्दल 'आता काढा' असं मला सांगावं लागेल, हेही त्यांना सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "सांगा. फक्त आधी वर चढून बघा." 2026 ला ते पन्नास वर्षांचं होतं, म्हणजे कायद्याच्या भाषेत हेरिटेज झाड. वास्तुशांतीची पत्रिका काकूंनी वयाचा पुरावा म्हणून घरफाळ्याच्या फायलीत लावून ठेवली आहे.